शर्यतीचा मार्ग कोण आखतो?

वणी तालुक्यातील राजूर या गावाची ओळख कोळशाच्या खाणीने आणि चुन्याच्या भट्ट्यांनी घडविली. येथे सायकल हे खेळाचे साधन कधीच नव्हते. पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या सायकलीच्या हँडलला जेवणाचा डबा लटकलेला असे आणि परतताना माणूस व सायकल दोन्ही सारख्याच काळ्या झालेल्या असत. त्याच गावच्या चहाच्या टपरीवर आता जुलै महिना आला, की कामगारांची नातवंडे मोबाइलच्या पडद्यावर फ्रान्समधील सायकल शर्यत पाहतात आणि हिरिरीने वाद घालतात. यंदाचा मार्ग चढावाचा की सपाटीचा, तो कोणाच्या पथ्यावर पडणार, हा वादाचा एक विषय. जिंकणारा गडी खरोखर स्वतःच्या बळावर जिंकतो की औषधाच्या, हा दुसरा. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यास आंतरराष्ट्रीय दर्जाची शर्यत झाल्यापासून त्यात तिसऱ्याची भर पडली आहे : असली शर्यत पुण्यालाच का, वणी-घुग्घुसच्या रस्त्यावर का नाही? या गलक्यात बाकावर बसलेला एखादा निवृत्त खाणकामगार मध्येच विचारून जातो, "पन त्याले पगार कोन देते, भाऊ?" पोरे हसतात आणि पुन्हा चढावाच्या टक्केवारीकडे वळतात.

हसण्यासारखा हा प्रश्न नाही. मार्ग आणि औषध या दोन्ही वादांची किल्ली त्यातच आहे.

क्रिकेटच्या मैदानाला कुंपण असते, तिकीट असते. सायकल शर्यत सार्वजनिक रस्त्यावर होते. लाखो लोक ती फुकट पाहतात. मग पैसा येतो कोठून? सन १९०३ मध्ये 'लोतो' या पॅरिसच्या क्रीडा दैनिकाने ही शर्यत सुरू केली ती खप वाढविण्यासाठी. संपादक होते आंरी देग्रांज. पहिल्या शर्यतीत ६० स्वार निघाले, सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर तोडले, आणि एके काळी धुराडी साफ करण्याचे काम केलेला मोरिस गारां हा पहिला आला. दैनिकाचा खप दुपटीहून अधिक वाढला. प्रतिस्पर्धी पत्र पुढल्या वर्षी बंद पडले. शर्यत हा खेळ होताच, परंतु त्याआधी ती वृत्तपत्राची जाहिरात होती, आणि स्वार हे त्या जाहिरातीचे मजूर होते. आजही ही शर्यत एका खाजगी कंपनीच्या मालकीची आहे. ती कंपनी ज्या उद्योगसमूहाची, त्याच समूहाकडे फ्रान्समधील प्रमुख क्रीडा दैनिक आहे. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे उत्पन्न मुख्यतः आयोजकाकडे जाते. संघ जगतात ते प्रायोजकाच्या पैशावर, म्हणजे अंगावरील सदऱ्यावर ज्याचे नाव छापलेले असेल त्याच्या मर्जीवर. तो प्रायोजक दोन वर्षांत मिळालेल्या प्रसिद्धीचा हिशेब करून निघून गेला, की संघ विसर्जित होतो आणि स्वार नोकरी शोधू लागतो. विजेत्याला ५ लाख युरोंचे बक्षीस असते. ते सहकाऱ्यांत वाटून टाकण्याची रीत आहे. ही रीत मनोज्ञ आहे खरी, पण मालकाच्या नफ्यातील वाटा तिने मिळत नाही.

अशा व्यवसायात मार्ग म्हणजे भूगोल नव्हे. मार्ग म्हणजे कामाचे मोजमाप होय. खाणीत एका पाळीला किती टन, भट्टीवर किती घमेली, तसे रस्त्यावर किती किलोमीटर आणि किती घाट. ते ठरवितो कोण? १९१० मध्ये पिरेनीज पर्वताचे घाट मार्गात घातले गेले तेव्हा स्वारांना कोणी विचारले नव्हते. त्या वर्षी विजयी झालेला ऑक्ताव्ह लापीझ हा त्या चढावावर सायकल ढकलत ढकलत आला आणि आयोजकांच्या माणसांना त्याने तोंडावर 'खुनी' म्हटले. १९२६ मध्ये मार्गाची लांबी ५,७४५ किलोमीटरपर्यंत ताणली गेली. देग्रांज यांना स्वारांनी एकाकी झुंजावे असे वाटे. वाटेत सायकल मोडली तर ती स्वतःच दुरुस्त करावी, दुसऱ्याची मदत घेतल्यास दंड.

१९२४ सालचा एक प्रसंग तर कामगार चळवळीच्या इतिहासात नोंदला जावा असा आहे. आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिये, त्याचा भाऊ फ्रांसिस आणि त्यांचा एक सोबती यांनी कूतांस या गावी शर्यत सोडून दिली. कारण वरवर पाहता क्षुल्लक होते. पहाटेच्या थंडीत अंगावर घातलेले दोन सदरे घेऊनच मुक्कामाला पोहोचले पाहिजे, ऊन वाढले म्हणून एक काढून टाकता येणार नाही, असा नियम होता. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी पेलिसियेच्या अंगाला हात लावून तपासणी करण्यात आली. अपमान झालेले हे तिघे एका उपाहारगृहात बसले असता आल्बेर लाँद्र या पत्रकाराने त्यांना गाठले. त्यांनी पिशवीतील कुप्या आणि गोळ्या काढून टेबलावर मांडल्या : डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, आणि पाय चालते ठेवण्यासाठी आणखी काहीबाही. चोरी पकडली गेल्याचा भाव त्यांत नव्हता. हे काम आम्ही कशाच्या आधारावर करतो ते जगाने पाहावे, अशी ती तक्रार होती. पुढे पेलिसियेने आपले गाऱ्हाणे फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकाकडेही लिहून पाठविले.

मार्ग आणि औषध हे असे एकाच टेबलावर, एकाच दिवशी मांडले गेले होते. शंभर वर्षांनंतरचे शौकीन मात्र त्यांवर दोन स्वतंत्र वाद घालतात.

या इतिहासात शौकिनांची भूमिकाही नेहमी सोज्वळ राहिलेली नाही. १९०४ मध्ये सेंत-एतिएनजवळच्या घाटात रात्रीच्या अंधारात आपल्या गावच्या गड्याला पुढे जाऊ देऊन बाकीच्यांना लोकांनी लाठ्यांनी बडविले. त्या वर्षी गैरप्रकार इतके झाले, की पहिले चारही स्वार मागाहून बाद ठरून पाचव्या आलेल्या, वयाची विशी न गाठलेल्या आंरी कोर्ने याला विजेता घोषित करावे लागले. आपल्या गावच्या माणसावरील प्रेम आणि परक्यावरील संशय ही शौकिनाची जुनी दुखणी आहेत. औषधाच्या संशयातही ती डोकावतात. आपला जिंकला तर तो अभ्यासाने, दुसरा जिंकला तर तो सुईने!

उत्तेजक द्रव्यांविरुद्ध तपासण्या सुरू झाल्या तेव्हा काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. १९६६ मध्ये बोर्दो येथे स्वारांची पहिल्यांदा तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी सर्व स्वार सायकलीवरून उतरले आणि काही अंतर निषेध म्हणून पायी चालले. हा संप चुकीच्या मागणीसाठी होता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. कारण पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९६७ रोजी, माँ व्हाँतू या उघड्याबोडक्या डोंगरावर इंग्लंडचा टॉम सिम्पसन भर उन्हात कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामाइन आणि मद्य सापडले. आपल्याला मारणाऱ्या वस्तूच्या बाजूने कामगार कधी कधी उभा राहतो. चेहऱ्यावरचे फडके काढून टाकणारा चुनाभट्टीवरील मजूर बेपर्वा असतो असे नव्हे. फडके बांधून काम मंद होते आणि उक्त्या कामात मंद होणे परवडत नाही. पण म्हणून फडके निरुपयोगी ठरत नाही.

या व्यवहाराचा खरा हिशेब १९९८ मध्ये उघडा पडला. फेस्तिना या घड्याळ कंपनीच्या संघाची मोटार बेल्जियमच्या सरहद्दीवर अडविण्यात आली आणि तीत मोठा औषधसाठा सापडला. त्यात एरिथ्रोपोएटिन होते. मूत्रपिंडाच्या रोग्यांचे रक्त वाढावे म्हणून निघालेले हे द्रव्य निरोगी स्वाराच्या रक्तातील तांबड्या पेशी वाढवून त्याचा दम वाढविते. संघाचे व्यवस्थापन आणि डॉक्टर हे सर्व पद्धतशीरपणे चालवीत होते, आणि त्यासाठीचा निधी स्वारांच्याच बक्षिसांतून कापून उभा केला जाई. कामाचा वेग वाढविण्याचे औषध मजुराच्या मजुरीतून! अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात श्रमाच्या तीव्रतेवरील प्रकरणाला याहून चोख उदाहरण सापडणार नाही.

त्याच संघात क्रिस्तोफ बासाँ हा एक तरुण होता. तो औषध घेत नाही, हे त्याच्या सहकाऱ्यांनीच चौकशीत सांगितले. १९९९ च्या शर्यतीत तो एका वृत्तपत्रातून स्पष्टपणे लिहू लागला. सहस्वारांनी त्याच्याशी बोलणे टाकले. आघाडीवर असलेल्या लान्स आर्मस्ट्राँगने धावत्या शर्यतीत जवळ येऊन त्याला हा व्यवसाय सोडण्याचा सल्ला दिला. बासाँने शर्यत अर्ध्यावर सोडली आणि थोड्याच वर्षांत त्याची कारकीर्द संपली. राजूरच्या टपरीवर आर्मस्ट्राँगचे नाव सर्वांना ठाऊक असते, बासाँचे क्वचितच कोणाला. 'सगळेच घेतात, मग एकट्याला का धरायचे' असे म्हणणाऱ्यांनी बासाँकडे पाहावे. सगळे घेत नव्हते. जे घेत नव्हते ते मागे पडले, हाकलले गेले, आणि त्यांची हिरावलेली बक्षिसे त्यांना कधीच परत मिळाली नाहीत. व्यवस्थेवर बोट ठेवताना औषध घेणाऱ्याला निर्दोष ठरविणे हा या माणसांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय.

आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ही सातही विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. त्या सात वर्षांच्या रकान्यात आज कोणाचेच नाव नाही. त्याच्या संघाचा प्रायोजक दीर्घकाळ अमेरिकेचे टपाल खाते, म्हणजे सार्वजनिक पैसा होता; त्याबद्दलच्या दाव्यात त्याने २०१८ मध्ये ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. परंतु जागतिक सायकलिंग संघटनेने त्याच आर्मस्ट्राँगकडून लाखाहून अधिक डॉलरच्या देणग्या स्वीकारल्या होत्या, आणि तिच्या तत्कालीन धुरीणांनी त्याला झुकते माप दिल्याचे २०१५ च्या स्वतंत्र चौकशी अहवालाने नमूद केले. पोलिसाने संशयिताकडून चौकी रंगवून घ्यावी, त्यातला हा प्रकार. बिरुदे स्वाराची गेली. त्या काळात धंद्यात आलेला पैसा ज्यांच्याकडे गेला होता त्यांच्याकडेच राहिला.

हे सारे माहीत असल्यामुळेच आजचा शौकीन संशयी झाला आहे. १४ जुलै २०२४ रोजी प्लातो द बेल या चढावावर तादेई पोगाचारने मार्को पांतानीची १९९८ ची वेळ साडेतीन मिनिटांहून अधिक फरकाने मागे टाकली, आणि १९९८ च्या पांतानीच्या नमुन्यात ते द्रव्य होते हे फ्रान्सच्या सिनेटच्या २०१३ च्या अहवालातून बाहेर आले आहे. तेव्हा औषध घेणाऱ्यापेक्षाही वेगवान असणारा न घेता कसा असेल, असा प्रश्न टपरीवर विचारला जातो. तो विचारण्याचा हक्क शौकिनाला आहे. परंतु पोगाचारविरुद्ध कोणताही पुरावा पुढे आलेला नाही, त्याची एकही तपासणी सदोष ठरलेली नाही, हेही तितकेच स्वच्छ सांगितले पाहिजे. सायकली हलक्या झाल्या, रस्ते गुळगुळीत झाले, धावता धावता तासाला किती साखर पचविता येते याचे शास्त्र पुढे गेले. २००८ पासून स्वारांच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवली जाते. कार्बन मोनॉक्साइड वारंवार हुंगण्याच्या नव्या प्रकारावर २०२५ मध्ये बंदी आली. कोळशाच्या खाणीत ज्या वायूने माणसे गुदमरून मेली, तोच वायू दम वाढविण्यासाठी मोजून मापून हुंगला जावा, हे ऐकून खाणकामगाराला काय वाटेल!

मार्ग सोपा केला म्हणजे औषध सुटेल, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. तो सहानुभूतीचा आहे, पण टिकत नाही. १९२६ च्या मानाने आजचा मार्ग दोन हजारांहून अधिक किलोमीटरने आखूड झालेला आहे. औषधांचा सर्वांत सुसंघटित काळ मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीचा. शंभर मीटर धावणाऱ्याचा मार्ग याहून किती आखूड करणार? तोही सुई घेतोच. अंतर कमी झाले की वेग वाढवून मागितला जातो. गिरणीत तास कमी झाले तेव्हा मागांची संख्या वाढविण्यात आली, हे महाराष्ट्रातील कामगाराला कोणी शिकवायला नको. तेव्हा प्रश्न किलोमीटरचा नाही. ते ठरविताना स्वाराचा आवाज ऐकला जातो की नाही, हा आहे. २०२० मध्ये इटलीतील शर्यतीत कोसळत्या पावसात २५८ किलोमीटरचा टप्पा कापण्यास स्वारांनी नकार दिला आणि तो निम्म्याहून कमी करावा लागला. तेव्हा आयोजक संतापले ते समजण्यासारखे आहे. पण शौकीनही संतापले, स्वारांना नाजूक म्हणाले. आठवडाभर आधी हेच लोक स्वारांच्या रक्ताबद्दल चिंता व्यक्त करीत होते.

आता पुण्याकडे वळू. १९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत एक प्रास्ताविक फेरी आणि चार टप्पे मिळून ४३७ किलोमीटरची शर्यत तेथे झाली. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती या भागांतून मार्ग आखला गेला, आणि जागतिक निकषांना उतरावा म्हणून रस्त्यांचे नूतनीकरण करण्यात आले. शर्यतीस नाक मुरडण्याचे कारण नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून 'घाटाचा राजा' होण्याची उमेद बाळगणाऱ्या पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे पाच हजार किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली, तेव्हा विदर्भाला झालेला आनंद खरा होता. परंतु राजूरच्या पोरांच्या विनोदातही अर्थ आहे. कोळशाच्या ट्रकांनी फोडलेल्या रस्त्यावरून एखादी आंतरराष्ट्रीय शर्यत नेली, तर तो महिन्याभरात आरशासारखा होईल, असे ते म्हणतात. ज्या रस्त्यावरून देशाच्या विजेचा कोळसा जातो त्याला डांबर मिळण्यासाठी परदेशी स्वारांची वाट पाहावी लागावी! रस्ता कोणासाठी करायचा, हाही मार्ग आखण्याचाच भाग आहे, आणि तो आखणाऱ्यांत राजूर-वणीचा माणूस नसतो.

उत्तेजकांचा प्रश्न तर त्याहून जवळ आलेला आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये भारतात ७,११३ नमुने तपासले गेले आणि २६० दोषी आढळले, म्हणजे शेकडा ३.६, मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत अधिक होते. २०२३ मध्ये ते ३.८ होते. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्ली राज्याच्या मैदानी स्पर्धेत तपासणी पथक आल्याचे कळताच खेळाडू पांगले, शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला आणि स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया सापडल्या. हे खेळाडू लक्षाधीश नव्हते. त्यांना फ्रान्सचे पर्वत चढायचे नव्हते. त्यांना एक प्रमाणपत्र हवे होते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, रेल्वे आणि सैन्यदले पदक पाहून माणूस घेतात. धोरण चांगलेच आहे. पण जेथे नोकऱ्याच आटत चालल्या आहेत तेथे पदक ही शिधापत्रिका बनते, आणि शिधापत्रिकेसाठी माणूस काय करील याला मर्यादा राहत नाही.

राजूरच्या रस्त्यावर पहाटे, ट्रकांची रांग लागण्यापूर्वी, मुले धावताना दिसतात. त्यांतील बहुतेक पोलीस भरतीसाठी धावतात. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण १,६०० मीटरला असतात. दोन-चार सेकंदांनी वर्षभराचे भवितव्य फिरते. भरतीच्या मैदानावर उमेदवारांजवळ इंजेक्शने सापडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येऊन गेल्या आहेत. अशी बातमी आली, की उमेदवाराचे नाव छापून येते, त्याची भरती रद्द होते. त्याला ती कुपी कोणी दिली, किती रुपयांस दिली, 'यात काही नसते, ताकदीचे आहे' असे कोणी सांगितले, हे क्वचितच छापून येते. 

वणी तालुक्यातील कार्यकर्त्यांना या बाबतीत करता येण्यासारखे काम आहे. भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या नावाने चालणाऱ्या खाजगी वर्गांत मुलांना काय पाजले आणि टोचले जाते, याची चौकशी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडून करून घेता येईल. चिठ्ठीशिवाय अशी औषधे विकणाऱ्या दुकानांविरुद्ध अन्न व औषध प्रशासनाकडे नावानिशी तक्रार नोंदविता येईल. मैदानी चाचणीच्या दिवशी उमेदवाराची तपासणी व्हावी, आणि तो दोषी आढळल्यास पुरवठादाराचे नाव शोधणे पोलिसांवर बंधनकारक असावे, ही मागणी जिल्हा पातळीवर मांडावी. खाण परिसरातील गावांसाठी राखून ठेवलेल्या खनिज निधीतून धावण्याचे एक साधे मातीचे मैदान मागावे. म्हणजे पोरांना कोळशाच्या धुळीत, ट्रकांच्या दिव्यांसमोर धावावे लागणार नाही. ग्रामसभेपुढे हा ठराव ठेवताना टपरीवरच्या त्या मुलांनाच पुढे करावे. मैदान कोठे असावे आणि त्याची फेरी किती मीटरची असावी, हे त्यांनीच सांगावे.